जुन्या गाडीचे इंजिन का तापते? निदानाचा योग्य क्रम

मार्चअखेरीपासून राज्यातील घाटरस्त्यांच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या केलेल्या मोटारी दिसू लागतात. रेडिएटरमधून वाफ उसळत असते आणि चालक जवळपास पाणी कोठे मिळेल, याचा शोध घेत असतो. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, अॅम्बेसेडरचे त्याच वर्षी मे महिन्यात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी तर त्याआधीच बंद झाली होती. मुंबईच्या टॅक्सीताफ्यातूनही ती २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरीही या गाड्या आणि त्यांच्या पिढीतील जीप आजही अनेकांच्या दारात उभ्या आहेत. कोणासाठी ती वडिलांची आठवण आहे, तर कोणाचे पोट तिच्यावर चालते.

अशी गाडी तापू लागली, की बहुधा अंदाजाने उपाय सुरू होतात. आधी रेडिएटर बदलला जातो, मग वॉटर पंप, मग थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. खर्च वाढत जातो आणि गाडी मात्र पुढच्या चढावर पुन्हा तापते. याचे कारण असे, की इंजिन तापणे हे लक्षण आहे, दोष नव्हे. एकाच लक्षणामागे दहा वेगवेगळे दोष असू शकतात. त्यातील नेमका दोष ओळखण्याचा सर्वात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे 'गाडी केव्हा तापते?' हा प्रश्न. काय बदलायचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

उष्णता जाते कोठे?

इंधन जळताना निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहून कमी ऊर्जा चाके फिरवण्याच्या कामी येते. जवळपास तेवढीच धुरासोबत बाहेर जाते आणि उरलेली बहुतांश उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. सिलिंडरमधील ज्वाळेचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंजिनातील पाणी मात्र साधारण ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान राहावे लागते.

हे काम चार घटक मिळून करतात. वॉटर पंप पाणी फिरवतो. थर्मोस्टॅट इंजिन गरम होईपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाण्यापासून रोखतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना वाट मोकळी करतो. रेडिएटर पाण्याची उष्णता हवेला देतो आणि पंखा ती हवा खेचतो. या चौघांच्या जोडीला रेडिएटरचे झाकण असते. त्याच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. या झाकणातील स्प्रिंगमुळे यंत्रणेत दाब टिकतो आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. ०.९ बार दाबाच्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे ११८ ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण निकामी झाले, की हेच पाणी १०० अंशांना उकळते. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या महाबळेश्वरात तर सुमारे ९५ अंशांनाच. घाट चढून वर पोहोचलेल्या गाडीला या फरकाचा फटका दुहेरी बसतो. इंजिन सर्वाधिक तापलेले असते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू खाली आलेला असतो.

आधी थांबावे, मग शोधावे

बऱ्याच जुन्या छोट्या मोटारींचा ब्लॉक बिडाचा, तर सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचे असते. उष्णतेने अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन प्रमाणाबाहेर तापले, की हेड वाकते आणि त्याखालील गॅसकेट फुटते. त्याहीपुढे गाडी रेटल्यास पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन सीज होते. 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' या विचाराने चालवलेली पाच किलोमीटर अनेकदा संपूर्ण इंजिनाच्या किमतीची ठरतात.

काटा नेहमीपेक्षा थोडा वर सरकला असेल, पण वाफ नसेल, तर एसी बंद करावा. गाडीला हीटर असल्यास तो पूर्ण क्षमतेने सुरू करावा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असल्याने तो इंजिनाची काही उष्णता खेचून घेतो. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवण्यापेक्षा खालचा गिअर घ्यावा, म्हणजे पंप आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही वेगाने फिरतात. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली, तर मात्र सुरक्षित जागा पाहून इंजिन लगेच बंद करावे.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाब सुटताच आतील पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती चेहरा व हातांवर उसळते. किमान अर्धा तास थांबावे, झाकणावर जाड कापड टाकावे, पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब जाऊ द्यावा आणि मगच ते काढावे. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर पाणी हळूहळू भरावे.

'केव्हा' या प्रश्नाची उत्तरे

आजच्या गाड्यांचे अनेक दोष संगणक जोडून वाचता येतात. जुन्या गाडीत काटा, कान, नाक आणि चालकाची स्मरणशक्ती हीच साधने आहेत. मेकॅनिककडे जाण्यापूर्वी पुढीलपैकी कोणती तक्रार आपल्या गाडीची आहे, हे वाहनधारकाने नक्की करावे.

रहदारीत किंवा सिग्नलला थांबल्यावर काटा चढतो आणि गाडीने वेग घेताच उतरतो, अशी तक्रार असल्यास संशय पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीला हवा आपोआप मिळते. थांबलेल्या गाडीला ती पंखाच देतो.

शहरात काही त्रास नाही, पण महामार्गावर वेगात किंवा घाटात गाडी तापते, असे असल्यास हवा पुरेशी असून पाणी पुरेसे थंड होत नाही. रेडिएटर आतून चोंदणे, पंपाची पाती झिजणे, रेडिएटरच्या खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने चिमटणे किंवा इग्निशनचे टायमिंग बिघडणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

सकाळी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा लाल पट्ट्याकडे धावतो, तेव्हा पाणी कमी असणे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे, आत हवा कोंडणे किंवा हेड गॅसकेट जाणे यांपैकी एक कारण असते.

काटा एकसारखा वर-खाली होतो, तेव्हा बहुधा पाण्याची पातळी कमी असते किंवा यंत्रणेत हवा असते.

इंजिन बंद केल्यानंतर पाणी उकळून बाहेर येत असल्यास झाकण तपासावे. बंद इंजिनात पाणी फिरत नाही, पण धातूतील उष्णता त्यात उतरत राहते. दाब टिकला नाही, तर ते उकळते. म्हणूनच मोठा चढ चढून आल्यावर, काटा मर्यादेत असेल, तर इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवून मग बंद करण्याची जुन्या चालकांची सवय योग्य आहे.

एक अपवाद मात्र धोक्याचा आहे. सर्व पाणी निघून गेले, की तापमानाचा संवेदक कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. वाफ, उग्र वास किंवा इंजिनाचा बदललेला आवाज असताना खाली आलेला काटा दिलासा देणारा समजू नये.

थंड इंजिनावरील तपासणी

तपासणीचा क्रम फुकटापासून खर्चाकडे जाणारा असावा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पातळी पाहावी. केवळ बाजूच्या बाटलीतील पातळीवर विसंबू नये. झाकणाचे रबर किंवा एखादा पाइप खराब झाल्यास बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, अशी स्थिती असू शकते.

पाणी कमी असेल, तर ते गेले कोठे, हे शोधावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवल्यास सकाळी डागांच्या जागेवरून गळती कळते. पुढचा डाग बहुधा रेडिएटरचा, पट्ट्याच्या बाजूचा पंपाचा. पंपाच्या खाली एक छोटे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील गेले, की तेथून पाणी झिरपते. पंपाचा दांडा हाताने हलवून पाहिल्यास तो ढिला आहे का, हेही समजते. ते छिद्र बुजवून गळती थांबवण्याचा प्रकार निखालस चुकीचा आहे. वाट न मिळालेले पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

होज पाइप हाताने दाबून पाहावेत. कडक, तडकलेला किंवा फुगीर पाइप बदलावा. खालच्या पाइपच्या आत काही गाड्यांत तारेची स्प्रिंग असते. गंजून ती नाहीशी झाल्यास वेगात पाइप चिमटतो, थांबल्यावर पूर्ववत होतो आणि दोष सापडत नाही.

पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा. अॅम्बेसेडर, पद्मिनी आणि जुन्या जीपमध्ये पंखा व पंप याच पट्ट्यावर चालतात, बॅटरी चार्ज करणारा डायनमो किंवा अल्टरनेटरही त्याच्यावरच. त्यामुळे धावत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढला, तर पट्टा तुटला असे समजून तत्काळ थांबावे.

पंखा आणि हवेची वाट

मारुती ८०० सारख्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो आणि तापमानाचा स्विच तो सुरू करतो. काटा नेहमीच्या जागेच्या वर गेला तरी पंखा फिरत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत दोन तारांच्या स्विचचा जोड काढून त्या तारा एकमेकींना जोडाव्यात आणि चावी फिरवावी. पंखा फिरला, तर स्विच खराब. फिरला नाही, तर फ्यूज, रिले, तारा किंवा मोटर यांत दोष आहे. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी.

पंख्याभोवतीचे आवरण दुरुस्तीच्या वेळी काढले गेले आणि पुन्हा बसवलेच नाही, असे अनेक जुन्या गाड्यांत आढळते. आवरणाशिवाय पंखा रेडिएटरच्या पूर्ण पृष्ठभागातून हवा खेचू शकत नाही. तसेच पुढे बसवलेले जादा दिवे, पाट्या आणि लोखंडी गार्ड हवेची वाट अडवतात. नंतर बसवलेल्या एसीचा कंडेन्सरही रेडिएटरच्या पुढे येतो. जाळीत अडकलेले कीटक, चिखल व गवत इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जास्त दाबाने पातळ पत्रे वाकतात.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

'आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅटची गरज नाही,' हा गॅरेजमधील लोकप्रिय सल्ला आहे. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सकाळी आणि थंडीत दीर्घकाळ गार राहते. त्यामुळे इंधन अधिक जळते, ऑइलमध्ये ओलावा व गाळ साठतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढल्यास ती आडवाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरते आणि ज्या भीतीने तो काढला, ती गोष्ट घडते. घाटात गाडी तापते.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरीही होते. इंजिन सुरू केल्यावर वरचा होज पाइप प्रथम थंड असतो आणि थर्मोस्टॅट उघडताच झपाट्याने गरम होतो. काटा लालकडे जात असताना तो पाइप थंडच राहिला, तर पाणी पुढे जात नाही, हे सिद्ध होते. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात लोंबता धरावा आणि पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे. पातेले नंतर स्वयंपाकाला वापरू नये.

रेडिएटर आणि पाण्याचा प्रश्न

राज्याच्या अनेक भागांत विहिरी व बोअरवेलचे पाणी जड असते. चहाच्या भांड्याला किंवा गिझरच्या कॉइलला धरणारा पांढरा थर हेच पाणी वर्षानुवर्षे वापरलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोकळीतही धरते. क्षाराचा थर उष्णता अडवतो. त्यात बिडाचा गंज मिसळतो आणि खालच्या नळ्या प्रथम चोंदतात. बाहेरून रेडिएटर नवा दिसतो, आतून निम्मा बंद असतो.

गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद करून रेडिएटरच्या पृष्ठभागाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने ठिकठिकाणी मोजावे. वरून खाली ते हळूहळू उतरले पाहिजे. मध्येच एखादा थंड पट्टा आढळल्यास तेथील नळ्या बंद आहेत. जुना पितळी रेडिएटर कुशल कारागीर उघडून, नळ्यांत सळई फिरवून साफ करू शकतो. स्वस्तात मिळणारा पातळ गाभ्याचा पर्यायी रेडिएटर जुन्यापेक्षा कमी क्षमतेचा निघू शकतो.

यावरचा उपाय शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट हाच आहे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून कूलंट नको, हा समज खरा नाही. कूलंट गंज रोखते, पंपाच्या सीलचे रक्षण करते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. अर्धे कूलंट व अर्धे डिस्टिल्ड पाणी हे सर्वसाधारण प्रमाण आहे. तयार मिश्रण असेल, तर त्यात पाणी मिसळू नये. कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. मुले आणि पाळीव प्राण्यांपासून ते दूर ठेवावे, काढलेले कूलंट उघड्या गटारात ओतू नये.

नवे पाणी भरताना हीटरचा नळ उघडा ठेवावा, शक्य असल्यास गाडीचे तोंड थोडे उंचावर ठेवावे. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे निघू द्यावेत आणि पातळी पूर्ण करून झाकण लावावे. ही खबरदारी न घेतल्यास कोंडलेली हवा नवा आजार निर्माण करते.

हेड गॅसकेट : शेवटचा, पण गंभीर संशय

वरील सर्व तपासण्या समाधानकारक ठरूनही पाणी कमी होत असेल आणि गळती कोठेच दिसत नसेल, तर हेड गॅसकेटकडे वळावे. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे येणे, पाणी गरम होण्यापूर्वीच वरचा पाइप दगडासारखा कडक होणे, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येणे आणि ऑइलचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होणे, ही त्याची लक्षणे आहेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कमी अंतर चालणाऱ्या गाडीच्या ऑइल झाकणाखाली ओलाव्याने थोडा पांढरट थर जमतो. केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये, डिपस्टिकवरील ऑइलही पाहावे.

हेड उघडण्याचा खर्च करण्यापूर्वी दोन चाचण्यांचा आग्रह धरावा. पहिली कॉम्प्रेशनची. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकत्रच कमी आला, तर त्यांच्यामधील गॅसकेट फुटल्याची शक्यता मोठी असते. दुसरी रासायनिक चाचणी. रेडिएटरच्या तोंडावरील वायू निळ्या द्रवातून खेचला जातो. पेट्रोल इंजिनात तो द्रव पिवळा झाला, तर ज्वलनवायू पाण्यात शिरत असल्याचे निश्चित होते. हेड उघडल्यास त्याची सपाटी तपासून गरजेप्रमाणे फेसिंग करून घ्यावे. वाकलेल्या हेडवर नवे गॅसकेट टिकत नाही. गॅसकेट ज्या कारणाने गेले, ते मूळ कारण दूर केल्याशिवायही ते टिकत नाही.

दोष अन्यत्रही असू शकतो

काही वेळा थंडाव्याची यंत्रणा निर्दोष असते. इग्निशनचे टायमिंग मागे पडणे, कार्ब्युरेटरमधून इंधन कमी आणि हवा जास्त जाणे, ऑइल कमी असणे किंवा क्लच घसरणे यांमुळे इंजिनावर जादा उष्णतेचा भार पडतो. ब्रेक धरून राहिल्यासही तेच होते. काही किलोमीटर चालवून आल्यावर एकाच चाकाचा हब इतरांपेक्षा अधिक तापलेला आढळला, तर त्याचे कारण तेथे शोधावे. क्षमतेहून अधिक माणसे भरून चढ चढणाऱ्या वडाप जीपची तक्रार तर कोणताही रेडिएटर दूर करू शकत नाही.

कधी काटाच खोटे बोलतो. काही जुन्या गाड्यांत इंधनाचा आणि तापमानाचा काटा एकाच व्होल्टेज नियामकावर चालतात. दोन्ही काटे एकदम वर दाखवू लागले, तर इंजिनाऐवजी तो नियामक तपासावा. थर्मोस्टॅटच्या घरावर थर्मामीटर धरून प्रत्यक्ष तापमान पडताळता येते.

मेकॅनिकला काय सांगावे?

'गाडी तापते' एवढे सांगणे पुरेसे नाही. सुरू केल्यापासून किती वेळाने तापते, थांबल्यावर की वेगात, एसी चालू असताना की बंद, पाणी किती दिवसांत किती कमी होते, पंखा फिरतो का आणि अलीकडे कोणते काम झाले, हे वहीत टिपून सांगावे. त्यानंतर पातळी, गळती, झाकण, पट्टा, पंखा, थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंप आणि शेवटी गॅसकेट या क्रमाने तपासणी व्हावी. एका वेळी एकच भाग बदलावा आणि ज्या स्थितीत गाडी तापत होती, त्याच स्थितीत ती पुन्हा चालवून पाहावी. घाटात तापणारी गाडी गॅरेजच्या दारात अर्धा तास चालू ठेवून दुरुस्त झाली, असे ठरवता येत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. तो खरोखर खराब होता का, हे पाहण्याचा वाहनधारकाला अधिकार आहे.